पोर कुणाच्या हातात द्यायचं

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. आधार कार्डाप्रमाणे चौसष्ट, पण ते शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं वय. आईचा हिशेब वेगळा होता आणि मी आईचा धरतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, तिकोणा पेठेतली. त्यापुढची शाळा मी चौदा वर्षं रोज बघितली, पण फाटकाबाहेरून. सोमाटण्याच्या सोसायट्यांमधली मुलं तळेगावच्या एका इंग्रजी शाळेत नेणारी-आणणारी व्हॅन मी चालवायचो. व्हॅन माझ्या मालकीची होती, हेही लिहून ठेवतो. कुणाचा नोकर म्हणून मी ती चालवली नाही.

या दिवाळी अंकाच्या लोकांनी धंद्याबद्दल लिहा म्हटलं तेव्हा सून म्हणाली, "आबा, सणाचं आहे, जरा गोड लिहा." मला गोड लिहिता येत नाही. ती टाइप करते आहे आणि मी सांगतो आहे. शुद्धलेखन तिचं, राग माझा.

बाहेरच्या माणसाला वाटतं की व्हॅनचा धंदा म्हणजे गाडी चालवणं. गाडी कुणीही चालवील. त्याआधी मी लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवायची जीप चालवली आहे, धुक्यात, दरीच्या कडेनं, मागे दारू प्यालेली गिऱ्हाइकं घेऊन. गाडीचं कसब तिथं लागतं. व्हॅनचं खरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं. सकाळी पोर आईच्या हातातून माझ्या हातात, माझ्या हातातून शाळेतल्या मावशींच्या हातात. दुपारी उलट्या वाटेनं. फाटकाशी सोडलं, हॉर्न मारला आणि निघालो, असलं माझ्याकडे चालायचं नाही. घरच्या माणसाचा हात पोराच्या मनगटावर बसलेला दिसला की मगच माझा सुटायचा. हा कायदा मला कुणी शिकवला नाही. मीच केला आणि मीच पाळला.

जीपवर मी एक गोष्ट शिकलो होतो. माणूस सुटीवर आला की फार बोलतो. एक बाई टायगर पॉइंटला जाईपर्यंत मला सांगून मोकळी झाली की नवरा परदेशात आहे, बंगल्यावर ती आणि दोन मुलीच आहेत, आणि वॉचमन रात्री झोपतो. मी चांगला माणूस निघालो हे तिचं नशीब. मी तिला म्हणालो सुद्धा, "ताई, हे मला कशापायी सांगताय?" तिला राग आला. उतरताना म्हणाली, "तुम्ही फार आगाऊ आहात." चांगलं सांगायला गेलं की माणसं आगाऊ म्हणतात, हेही तिथंच शिकलो.

व्हॅनवरही मला आगाऊ म्हणणारे पुष्कळ भेटले. एकदा साताऱ्याकडचे एक आजोबा नातवाला न्यायला शाळेच्या फाटकाशी आले. पांढरीशुभ्र टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. पोरगं "आजोबा, आजोबा" करत त्यांच्याकडे धावायला निघालं, तर मी त्याला धरून ठेवलं.

"अहो, नातू आहे माझा. हाक मारतोय बघा."

"मारू द्या की. त्याच्या आईनं मला सांगितलेलं न्हाई."

"मी तिचा बाप आहे!"

"असाल. मी कुटं न्हाई म्हणतो?"

आजोबा व्हॅनपुढे रस्त्यावर मांडी घालून बसले. बाकीची मुलं भुकेजलेली, आतून आरडाओरडा करायला लागली. आजोबांनी चिडून पेढ्यांचा पुडा खिडकीतून आत धरला. मी तोही परत केला. शेवटी त्या पोराच्या आईला फोन लागला. ती ओरडली, "आबा, बाबाच आहेत ते माझे! द्या त्यांच्याकडे!"

"फोनवर आवाज कुणाचा बी असतो. तुमी या आन् तुमच्या हातानं द्या."

ती कंपनीतून अर्धी रजा टाकून स्कूटरवर आली. मला काय काय बोलली ते सून टाइप करणार नाही. आजोबा जाताना म्हणाले, "तुझं थोबाड ध्यानात ठेवीन." ठेवलं असेल. पण त्या बाईनं मुलगा माझ्या व्हॅनमधून काढला नाही. सोसायटीत सांगत फिरली, की आमच्या आबाचं डोकं फिरलेलं आहे, पण पोरं घरी येतात. एवढं प्रशस्तिपत्रक मला पुरलं.

मग कोरोना आला आणि शाळाच फोनमध्ये गेली. शाळा बाहेर आली तरी फोन मुलांच्या हातातच राहिला. व्हॅनमधलं बोलणं बदललं. आधी कुणी डबा सांडला, कुणी कुणाची पेन्सिल खाल्ली, असलं चालायचं. आता गेम, लेव्हल, डायमंड. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण एके दिवशी दुसरीतला अर्णव मागून म्हणाला, "आबा, माझा एक मोठा फ्रेंड आहे. त्यानं मला डायमंड दिले."

"कुटला रं फ्रेंड?"

"गेममधला. तो विचारत होता, मम्मी कामाला कधी जाते."

मी गाडी बाजूला घेतली. "मग? तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. खोटं बोलू नये ना?"

अर्णवच्या आईला मी दारात गाठून सांगितलं. तिनं फोन काढून घेतला. आठवडा उलटायच्या आत परत दिला, कारण पोरगं फोनशिवाय जेवत नव्हतं. तिच्यावर राग नाही. दोघंही कामाला, घरात तिसरं माणूस नाही. पण मला राहवेना. शाळेतल्या मोठ्या मॅडमना जाऊन म्हणालो, तुम्ही मुलांना हे शिकवा. त्या म्हणाल्या, "आबा, त्यावर आपण एक सेशन घेतलंय." घेतलं होतं. मोठ्या पडद्यावर कुलपाचं चित्र दाखवलं होतं, आणि मुलांना तेवढं कुलूपच लक्षात राहिलं होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं शिकवलं. आम्ही डोंगरातली माणसं. आमच्या वाडीत दिवस मावळल्यावर बाहेरून कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, ही रीत. म्हातारी माणसं सांगायची, भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा मारतो. तिसऱ्या हाकेनंतरही पोरानं दाराशी जायचं नाही. घरातल्या मोठ्यानं आतूनच विचारायचं, "कोण हाय? कुणाचा? कशापायी आलाय?" तिन्हींची उत्तरं पटली तर दार. भूत मी काही बघितलेलं नाही. पण त्या रीतीपायी कितीतरी चोर आल्या वाटेनं परत गेले असतील, आणि ते कुणाला कळलंही नसेल.

मी मुलांना म्हणालो, तुमचा फोन म्हणजे दार आहे. आणि तिथं सगळा वेळ दिवस मावळलेलाच असतो.

सोमाटण्याच्या टोलनाक्याशी गाड्या तुंबल्या की आमचा खेळ सुरू व्हायचा. मी कानाला हात लावायचो. "हॅलो, मी तुझ्या गेममधला दादा. नाव काय गं तुझं?"

सगळी व्हॅन ओरडायची, "कोण हाय? कुणाचा? कशापायी आलाय?"

"अगं, तुला डायमंड द्यायचेत. शाळा कुटली तुझी?"

"कोण हाय? कुणाचा? कशापायी आलाय?"

इंग्रजी शाळेतली पोरं, टाय लावलेली, आणि तोंडात आमचं मावळी बोलणं. शेजारच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायची. त्यात सगळ्यात वस्ताद तिसरीतली ओवी. एकदा तिनं मलाच अडकवलं. मी विचारलं, "घर कुटं हाय बाळा तुझं?" तर म्हणाली, "मी मम्मीला विचारून सांगते. तोवर तुम्हीच तुमच्या घरचा पत्ता सांगा, मी माझ्या पप्पांना पाठवते." अख्खी व्हॅन हसली. मीही हसलो.

थोड्या दिवसांनी ती पुढच्या सीटवर असताना हळूच म्हणाली, "आबा, हे मला उपयोगाचं नाही."

"का गं?"

"मला कुणी काही विचारतच नाही. त्यांना सगळं आधीच माहीत असतं."

मला अर्थ लागला नाही. घरी आल्यावर सुनेला विचारलं, तेव्हा तिनं फोन उघडून दाखवलं. ओवीच्या नावानं एक पान होतं. तिचे वडील, निखिल, कंपनीत सुपरवायझर. ते चालवायचे. ओवी झोपेतून उठते आहे. ओवीचा दात पडला आणि ती रडते आहे. ओवीला ताप आहे. ओवीची मांजर, मांजरीचं नाव. ओवीच्या टीचर, टीचरचं नाव. घरात तिला 'ओवुली' म्हणतात, तेही. सोसायटीचं फाटक, पाटीसकट. आणि फाटकात उभी असलेली माझी व्हॅन, नंबरासकट. खाली माणसांच्या रांगा. कुणी बदाम पाठवतो आहे, कुणी पापी पाठवतो आहे. सून म्हणाली, "आबा, हे सगळे अनोळखी आहेत."

दुसऱ्या दिवशी निखिलला फाटकाशी धरलं. माणूस वाईट नाही. पोरीवर जीव आहे, तोही खोटा नाही. हसतमुख, मला कधी 'अहो' सोडून बोलला नाही.

"निखिलभाऊ, ते फोनवरचं बंद करा."

"का आबा? लोक प्रेम करतात तिच्यावर."

"कुटलं लोक?"

"फॉलोअर्स."

"त्यातल्या चार जणांची नावं सांगा. गावं सांगा."

तो हसला. "आबा, जमाना बदललाय. मोठी झाल्यावर तिलाच उपयोग होईल. तुम्ही आपलं स्टेअरिंग सांभाळा."

स्टेअरिंग मी सांभाळतच होतो. त्यात आणखी एक सांभाळायला घेतलं. ओवी म्हणाली, "आबा, मला उतरताना तुमच्या मागे लपवा ना. पप्पा वरून शूट करतात." तेव्हापासून ती उतरायची तेव्हा मी दार आणि बाल्कनी यांच्यामध्ये उभा राहायचो. मी अंगानं रुंद आहे. सकाळी पाठ वाकवून तिचं दप्तर चढवायचो, तेवढ्यात ती आत. व्हॅनमध्ये फोन काढायचा नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही, हा नियम मी सगळ्यांना लावला. शाळेनं सांगितलं, पालकांच्या ग्रुपवर रोज मुलांचा फोटो टाका. मी टाकला नाही. निखिल म्हणाला, एकदाच आतला व्हिडिओ करू, मुलं तुमचं ते 'कोण हाय' म्हणताना किती गोड दिसतील. मी म्हणालो, "गाडी माझी हाय." ओवी हे ऐकत होती. त्या दिवशी ती घरापर्यंत वेणीचं टोक चावत, खिडकीला नाक लावून गप्प बसून आली. व्हॅनमध्ये तिला बोलायचं नसलं तर ती बोलायची नाही, नाकात बोट घालायची, रस्त्यावरच्या म्हशी मोजायची. दिवसातला तेवढा रस्ता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिला तेवढंच पाहिजे होतं. आठ वर्षांच्या पोरीला तेवढं मागावं लागतं हेच मला सहन होत नव्हतं.

मग तो माणूस आला.

दुपारची वेळ. सोसायटीच्या फाटकाशी व्हॅन लावली तर ओवीची आई अजून खाली आली नव्हती. एक चाळिशीचा माणूस फाटकाच्या आत उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला मोठा खोका. 'घरचाच आहे' असं म्हणाला म्हणून वॉचमननं आत घेतला होता. ओवी उतरली तसा तो पुढे आला.

"ओवी! ए ओवुली! ओवुली, बघ ना इकडे!"

तीन हाका. लाडाच्या नावानं.

ओवी थांबली. तो म्हणाला, "दुसरा दात आला का गं? आणि तुझी मनी कशी आहे? परवा जेवत नव्हती ना ती?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. भ्यालेली नव्हती. गोंधळली होती. मला म्हणाली, "आबा, हे माझे कोण आहेत?"

वाडीतल्या रीतीत असला माणूस बसतच नव्हता. आमच्या डोंगरातल्या भुताला फार तर नाव माहीत असतं. याला दात माहीत होता, मांजर माहीत होती, आणि तीनदा हाक मारायचंही माहीत होतं. मी शिकवलेलं सगळं तिथं फाटकातच गळून पडलं.

तरी मी विचारलं, "कोण तुमी? कुणाचे? कशापायी आला?"

"मी हिला रोज बघतो. बर्थडेचं गिफ्ट आणलंय." त्यानं तिच्या गालाकडे हात नेला.

मी तो हात वरच्या वर धरला. पिरगाळला म्हणतात तो. पिरगाळला असेल. खोका खाली पडला. त्यानं दुसऱ्या हातानं फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरून बोलायला लागला, "बघा, हा व्हॅनवाला कसा वागतोय बघा."

तेवढ्यात ओवीची आई धावत आली. मला वाटलं, आता ती पोरीला छातीशी धरील आणि वॉचमनला बोलावील. तो माणूस तिला म्हणाला, "वहिनी, मी रोज कमेंट करतो तो, सूर्यफुलाच्या फोटोवाला."

आणि ती म्हणाली, "अय्या! तुम्ही का ते!"

खोका तिनं उचलून घेतला. वर मलाच म्हणाली, "आबा, सोडा की त्यांचा हात. काय हे!"

तो माणूस वाईट होता असं मी आजही म्हणत नाही. मला माहीत नाही. बिचारा एकटा असेल, त्याला लेकरं नसतील, चांगल्या मनानं आला असेल. पण माझ्या धंद्यात माहीत नाही म्हणजे नाही. आजोबांना जो कायदा लावला तोच त्याला लावला. आजोबांना तर पोरगं ओळखत होतं. याला ओळखणारं त्या फाटकात कुणीच नव्हतं, तरी त्याला चहा मिळाला.

संध्याकाळपर्यंत माझा व्हिडिओ फिरला. सुनेनं दाखवला. आधीचं काहीच नाही, मी हात धरलाय आणि माझं तोंड वाकडं, तेवढंच. खाली लोकांनी मला म्हातारा गुंड म्हटलं होतं. आंबीला राहणारा माझा मेव्हणा फोन करून म्हणाला, "भाऊजी, तुमी तर लय फेमस झालात."

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावलं. निखिल तिथं आधीच बसलेला. मॅडम म्हणाल्या, "आबा, तुम्ही मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगता, अशी पालकांची तक्रार आहे. मुलं घरी आलेल्या पाहुण्यांना 'कोण हाय, कुणाचा' म्हणतात. शाळेला हे शोभत नाही."

"भुताचं सांगितलं ते मॅडम, पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून. भूत कुणाला पायजे?"

"आणि कालचं ते?"

"कालचं सांगण्यापेक्षा निखिलभाऊंना विचारा. पोरीनं मला विचारलं, हे माझे कोण. तुमी सांगा भाऊ, कोण होता त्यो तिचा?"

निखिलनं हातातला फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला वाटलं, लागलं. मग म्हणाला, "आबा, मला वाद नको आहे. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर सॉरी म्हणा. ओवी शेजारी असेल. आबांचा गैरसमज झाला होता, आता सगळं छान आहे, एवढंच. तुमचीही बदनामी थांबेल. लोकांना असं आवडतं."

मॅडमना ते बरं वाटलं. म्हणाल्या, "बघा आबा, किती समजूतदारपणा आहे. नाहीतर मला तुमची व्हॅन बंद करावी लागेल."

मी म्हणालो, विचार करतो. खोटं बोललो. विचार करायचं काही नव्हतं.

दुपारी मुलं घेऊन निघालो. ओवी पुढेच बसली होती. तिला सगळं माहीत होतं. फाटकाशी आलो तर निखिल काठीला फोन लावून उभा. शेजारी आई. वॉचमनसुद्धा केस विंचरून उभा होता.

"आबा, तुम्ही तिथूनच उतरा, हसत. ओवुली, तू आबांचा हात धर."

ओवीनं दप्तर उचललं आणि तोंडावर धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. दप्तरामागून म्हणाली, "आबा, चला ना."

"कुटं गं?"

"कुठंपण. गाडी सुरू करा ना."

किल्ली लावलेली होती. पाय क्लचवर होता. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या मनात काय काय येतं ते सगळं लिहिण्यासारखं नसतं. पण मी ज्या कायद्यावर चौदा वर्षं धंदा केला, आजोबांना उन्हात बसवलं, आयांच्या शिव्या खाल्ल्या, तो कायदा सांगत होता की हा बाप आहे. हात घरचा आहे. सूर्यफूलवाल्याला मी अडवू शकत होतो. याला अडवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

निखिलनं दार उघडलं. "ओवुली, असं नाही करायचं. लोक बघतायत. दप्तर खाली कर."

"नको पप्पा. मला नको."

"हे हिला तुम्ही शिकवलंत आबा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. फोन चालू होता ना.

"व्हय," मी म्हणालो. "मीच शिकवलंय. आन् ते पण घ्या तुमच्या फोनात. ह्या पोरीला तिच्या बापापासनं लपायला मी शिकवलंय. मी माफी मागत न्हाई."

त्यानं फोन खाली केला. मग दप्तराला हात घातला आणि ओढलं. तिनं सोडलं नाही. त्यानं पुन्हा ओढलं. पट्टा तुटायची वेळ आली तेव्हा मीच तिला म्हणालो, "सोड बाळा."

तिनं सोडलं. माझं ऐकून सोडलं. मी तिचं मनगट धरून तिला खाली उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं, रोजच्यासारखं. त्याचा हात बसलेला बघितला, मगच माझा सोडला. आईनं तिचा चेहरा पदरानं पुसला. निखिलनं तेही घेतलं की नाही, मी बघितलं नाही.

उरलेली मुलं घरोघर पोचवली. प्रत्येकाला हातात दिलं. अर्णवनं उतरताना विचारलं, "आबा, उद्या तुम्हीच येणार ना?" मी म्हणालो, "दप्तर नीट धर." घरी पोचलो तर मॅडमचा फोन आला. उद्यापासून दुसरी व्हॅन ठरवली आहे, माझ्या सेवेबद्दल शाळा आभारी आहे. सून म्हणाली, "आबा, सॉरी म्हणून टाकायचं होतं. एका मिनिटाचं काम." आज मी तिला म्हणालो, तू हे पण टाइप कर. केलं तिनं.

पुष्कळ जण विचारतात, बाकीच्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी तरी माघार घ्यायची होती. खरं आहे. ती मुलं आता कुणाला काय सांगतात, मला माहीत नाही. त्यांची आठवण झाली की जेवण गोड लागत नाही. पण माफीच्या व्हिडिओत ती पोरगी माझ्या शेजारी उभी केली असती. उतरताना माझ्यामागे लपायची ती, आणि मीच तिला फोनपुढे धरली असती. त्यानंतर मी व्हॅनमध्ये कुणाला काय शिकवलं असतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, पाना घेतला आणि व्हॅनच्या मागच्या सीटा खोलून अंगणात काढून ठेवल्या. खाली खडूचे तुकडे, बिस्किटांचे कागद, कुणाचं तरी रबर निघालं. ते झाडून टाकलं. ओळखीच्या एका पॉलीहाऊसवाल्याला गुलाबाच्या पेट्या बाजारात न्यायला गाडी पाहिजे होती. त्याच्याकडे जायला निघालो. रस्ता सोसायटीवरूनच जातो, दुसरा नाही. फाटकाशी नवी व्हॅन उभी होती. नवा ड्रायव्हर तरुण होता. दाराशी उभा राहून, ग्रुपवर टाकायला, एकेक मूल चढताना फोनवर घेत होता. ओवीचा नंबर आला. ती पायरीवर थांबली, मान जरा तिरकी केली, केस कानामागे घेतले आणि त्याच्या फोनकडे बघून छान हसली. मग आत गेली.

मी हॉर्न दिला नाही. गुलाब घ्यायला गेलो.